नगरच्या दोन तवारिखा आणि एक तोफ

निजामशाहीच्या इतिहासाविषयी आमच्या सुशिक्षित वाचकांत एक समजूत रूढ होऊन बसली आहे. तुर्क आणि इराणी, सुन्नी आणि शिया, परदेशी आणि दखनी अशा ज्या तंट्यांनी ते राज्य पोखरले ते सर्व दूरदेशीचे होते. ते जहाजांत बसून चौलच्या बंदरी उतरले, घाट चढून नगरास आले, आणि येथील लोकांचा त्यांच्याशी संबंध काय तो बघ्याचा, असे पुष्कळांस वाटते. ही समजूत कोठून आली याचा माग काढू लागले म्हणजे दोन फारसी ग्रंथांपाशी येऊन थांबावे लागते. एक सय्यद अली तबातबाई याचा ‘बुऱ्हान-इ-मआसिर’, आणि दुसरा महंमद कासीम फेरिश्ता याचा ‘गुलशन-इ-इब्राहिमी’, जो कर्त्याच्याच नावाने अधिक प्रसिद्ध आहे. ज्या शहरास २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले, त्याच्या पहिल्या शतकाची हकीकत सांगू पाहणाऱ्या प्रत्येकास या दोहोंच्या दारी जावेच लागते. फेरिश्त्याचे ब्रिग्जकृत इंग्रजी भाषांतर १८२९ सालीच निघाले. तबातबाईच्या ग्रंथातील निजामशाहीचा भाग हेग यांनी इंग्रजीत आणला तो १९२० नंतर. या नव्वद वर्षांच्या आघाडीमुळे फेरिश्त्याचा शब्द आमच्याकडे प्रमाण होऊन बसला, आणि तबातबाई तळटीपांपुरता उरला. दोघांस समोरासमोर उभे करून त्यांची परीक्षा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परीक्षेपूर्वी त्या दूरदेशीच्या तंट्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. इराणात शहा इस्माईल याने शिया पंथास राजधर्म केले, आणि १५१४ साली चाल्दिरानच्या रणांगणावर उस्मानी तुर्कांचा सुलतान सलीम याने त्याचा पराभव केला. येथून पुढे सव्वाशे वर्षे, १६३९ च्या झुहाबच्या तहापर्यंत, बगदाद आणि तबरीझ ही शहरे या दोन सत्तांमध्ये हेलकावे खात राहिली. हा झगडा दोन पंथांचा म्हणून सांगण्याची चाल आहे. परंतु त्यातील प्रत्यक्ष हालचाली पाहिल्या तर वेगळेच दृश्य दिसते. १५२९ च्या सुमारास झुल्फिकार नामक सरदाराने बगदादच्या इराणी सुभेदारास, म्हणजे स्वतःच्या चुलत्यास, मारून ते शहर बळकावले व ते सुलतान सुलेमानाच्या पदरी घालण्याचा घाट घातला. दोन वर्षांनी अझरबैजानचा इराणी सुभेदार उलामा दरबारातील मानासाठी रुसला आणि तुर्कांस जाऊन मिळाला. सुलेमानाने त्यास बिटलिसची जहागीर देऊ केली, तेव्हा बिटलिसचा मूळचा कुर्दी अमीर शरफ हा तुर्कांस सोडून इराणच्या शहा तहमास्पकडे गेला. १५३४ साली सुलेमान बगदादेत शिरला त्यामागे हे सारे रुसवेफुगवे होते. पंथ दोन होते हे खरे. पण सुभेदाराने कोणत्या पंथाची बाजू धरावी हे बहुधा त्याच्या सुभ्यावरून ठरत असे, आणि हरणारा सरदार सर्वांत जवळच्या बलाढ्य शेजाऱ्यास हाक मारीत असे. ही दोन सूत्रे वाचकांनी गाठीस बांधून ठेवावीत. नगरास आल्यावर त्यांचा उपयोग होईल.

नगरच्या हकिकतीत या तंट्याचा प्रवेश होतो तो शहा ताहीर याच्या रूपाने. हा गृहस्थ इस्मायली पंथाच्या एका शाखेचा इमाम. त्याचा वाढता लौकिक शहा इस्माईलास खपला नाही, आणि १५२० साली त्यास जीव घेऊन इराण सोडावे लागले. गोव्यास उतरून तो विजापुरास गेला. तेथे त्याची कोणी विचारपूस केली नाही. पुढे तो परांड्यास राहिला. बुऱ्हान निजामशहाचा गुरू पीर महंमद शिरवानी काही कामानिमित्त परांड्यास गेला असता त्याने शहा ताहीरापाशी टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाचे अध्ययन केले, आणि नगरास परतून त्याच्या विद्वत्तेची वाखाणणी केली. म्हणून १५२२ साली बुऱ्हानने त्यास बोलावून घेतले. ही माहिती फेरिश्त्याची आहे व ती अविश्वसनीय मानण्याचे कारण नाही. १५३७ साली बुऱ्हानने शिया पंथ स्वीकारून बारा इमामांच्या नावे खुत्बा पढविला, तेव्हा त्याविरुद्ध जमाव घेऊन उठला तो हाच पीर महंमद. ते बंड मोडले, पीर महंमद कैदेत पडला, आणि त्याचे प्राण वाचले ते शहा ताहीराच्या रदबदलीने. नाट्यकारास हेवा वाटावा अशी ही जोडी आहे.

आता खुद्द पंथांतराची कथा. फेरिश्ता सांगतो ती अशी: राजपुत्र अब्दुल कादिर तापाने आसन्नमरण झाला, मुलगा वाचला तर बारा इमामांचा पंथ स्वीकारावा, असे शहा ताहीराने राजाकडून वदवून घेतले, रात्री राजास पैगंबराचे स्वप्नदर्शन झाले, आणि सकाळी मुलाचा ताप उतरला. कथा सुरेख आहे, आणि आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या बापाचे मन कोणत्याही युगात सारखेच, म्हणून ती खोटी म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. आमची तक्रार निराळी आहे. फेरिश्त्याच्या ग्रंथाची मांडणी राज्यवार आहे. गुजराथचे प्रकरण वेगळे, विजापूरचे वेगळे, नगरचे वेगळे. एका राज्याची हकीकत संपेपर्यंत दुसरीकडे पाहायचे नाही, हा त्याचा नियम. या नियमाने वाचकाची सोय होते. पण जी कारणे राज्याच्या शिवा ओलांडून येतात ती या भिंतींनी तुटतात. गुजराथच्या प्रकरणात बहादूरशहाचा अंत सांगितला आहे: १५३७ च्या फेब्रुवारीत दीवच्या समुद्रात पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत तो बुडून मेला. हा बहादूरशहा कोण? ज्याच्यापुढे काही वर्षांपूर्वी बुऱ्हानास मान लववावी लागली होती, आणि ज्याच्याशी बोलणी करण्यास खुद्द शहा ताहीरच पाठविला गेला होता, तो पश्चिम हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य सुन्नी सुलतान. त्याचा वचक नाहीसा होतो, आणि हिजरी ९४४ या वर्षी, जे इसवी सनाच्या १५३७ च्या जूनमध्ये सुरू होते, नगरचा खुत्बा बदलतो. तीन वर्षांपूर्वी विजापुरास इब्राहिम आदिलशहाने उलट दिशेने पाऊल टाकून सुन्नी पंथ धरला होता व पुष्कळ परदेशी शिपायांस निरोप दिला होता. त्यांतील कितीएक बुऱ्हानने आपल्या चाकरीस ठेवले. या दोन गोष्टी जवळ ठेविल्या म्हणजे स्वप्नाच्या रात्रीस एक दिवसाउजेडीची बाजूही होती असे आम्हांस वाटते. शेजाऱ्याने टाकलेले कसलेले लोक मिळत असताना, डोक्यावरचा धाक गेला असताना, आणि इराणचा शहा दूरचा पण मोठा मित्र होऊ शकत असताना बुऱ्हानने हा पंथ घेतला. हे आमचे अनुमान आहे. परंतु त्याची सामग्री सारी फेरिश्त्याचीच आहे, त्याने ती वेगवेगळ्या कोठड्यांत ठेविली एवढेच.

तबातबाईची मांडणी याहून अगदी वेगळी, आणि तिच्यातील हेतू अधिक उघड. त्याच्या ग्रंथाचे भाग तीन: गुलबर्ग्याचे बहामनी, बेदरचे बहामनी, आणि नगरचे निजामशहा. म्हणजे दक्षिणेत बहामनींचे तुकडे पाच झाले असले तरी वारसा एकाचाच, असे त्या अनुक्रमणिकेवरूनच वाचकाच्या मनावर ठसते. एवढ्यावर न थांबता तो निजामशाहीचा संस्थापक अहमद याच्या जन्माविषयी एक कथा देतो. तिच्याप्रमाणे अहमद हा मलिक हसनचा पुत्र नसून बहामनी सुलतानाच्याच रक्ताचा होता! फेरिश्ता मात्र रोखठोक लिहितो की, मलिक हसन मूळचा ब्राह्मणाचा मुलगा, तिमाप्पा नावाचा. बापाचे नाव भैरव. घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे. विजयनगरच्या मुलखातून लहानपणी तो कैद होऊन आला, आणि भैरव या नावाचे ‘बहिरी’ झाले. पाथरीचे गाव आपल्या पूर्वजांचे म्हणून आपणांस मिळावे, याकरिता बुऱ्हान निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागणी केली, ती नाकारली गेली, आणि त्यावरून युद्ध झाले, हेही तोच सांगतो. चारशे घोडेस्वारांचा वकूब नसलेल्या एका गावासाठी सुलतानाने लढावे, याचा अर्थ फेरिश्त्याच्या कथेवाचून लागत नाही.

येथे वाचक सहज म्हणेल की मग फेरिश्ता खरा आणि तबातबाई भाट. प्रकरण इतके सोपे नाही. तबातबाई ज्याच्या आश्रयाने लिहीत होता तो दुसरा बुऱ्हान निजामशहा १५९१ साली गादीवर आला, आणि ग्रंथाचे नावच त्याच्या नावावरून ठेवलेले. धन्याच्या पणजोबास कुलकर्ण्याचा नातू म्हणणे त्यास शक्यच नव्हते. उलट फेरिश्त्याने आपला ग्रंथ लिहिला तो विजापुरास, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी राहून. निजामशहाचे कूळ उजेडात आणण्यास तेथे कोणाची आडकाठी असणार? ज्या आदिलशाहीचे त्याने मीठ खाल्ले तिच्या संस्थापकाची वंशकथा सांगताना मात्र तोच फेरिश्ता युसूफ आदिलखानास उस्मानी सुलतानाचा पुत्र ठरवितो, आणि भावाच्या हातून मरण चुकविण्यासाठी त्यास लपवून इराणात पाठविल्याची अद्भुत कथा मोठ्या तपशिलाने देतो! नगरच्या राजाचे मूळ पाथरीच्या वाड्यात, विजापूरच्या राजाचे इस्तंबूलच्या महालात. शेजाऱ्याच्या कुळाविषयी माणूस सत्यवादी असतो आणि धन्याच्या कुळाविषयी कवी होतो, हा नियम दोन्ही तवारिखांस सारखाच लागू आहे. आणि इराण-तुर्कांचा तंटा येथे किती उपयोगी पडतो पाहा: राजपुत्र तुर्कांचा, आश्रय इराणचा, राज्य दक्षिणेत. एका कथेने दोन्ही बलाढ्य दरबारांशी सोयरीक जुळते.

दोन्ही ग्रंथकार पक्षपाती ठरल्यावर तिसरा साक्षीदार शोधणे प्राप्त होते, आणि सुदैवाने तो सापडतो. तो कागदाचा नाही, धातूचा आहे. विजापुरास बुरुजावर ठेवलेली ‘मलिक-इ-मैदान’ ही तोफ पुष्कळांनी पाहिली असेल. लांबी सुमारे १४ फूट, वजन सुमारे ५५ टन, आणि तोंडाशी हत्तीस गिळणाऱ्या सिंहाचा जबडा. विजापूरची म्हणून ती दाखवितात, पण ती ओतली गेली नगरास, हिजरी ९५६ मध्ये, म्हणजे १५४९ साली. पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती ती १६३२ च्या सुमारास विजापूरकरांनी नेली. तिच्यावरील लेखात निजामशहा स्वतःस पैगंबराच्या घराण्याचा सेवक म्हणवितो, आणि खाली करणाराचे नाव आहे: महंमद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे रूम देशीचा, उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. दरबाराचा पंथ इराणी वळणाचा, आणि त्या पंथाची ग्वाही धातूत ओतणारा हात तुर्काचा! ज्या १५४८-४९ च्या मोहिमेत सुलतान सुलेमान शहा तहमास्पच्या फितूर भावास पुढे घालून इराणवर चालून गेला होता, तिच्याच काळात हे नगरास घडत होते. तिकडे ज्यांच्या तोफा इराणच्या तटांवर धडधडत होत्या, त्यांच्याच विद्येचा एक जाणकार इकडे शिया राजाची तोफ ओतीत होता, आणि त्यात कोणास विसंगती वाटल्याचे दिसत नाही. पुढे १५६५ साली विजयनगरविरुद्धच्या लढाईत हुसेन निजामशहाच्या सहाशे तोफा तीन रांगांत लावणारा सरदारही रूमीखानच होता, हे फेरिश्ताच नमूद करतो. तंटा पंथाचाच असता तर हे रूमी नगरास टिकले नसते. कसब जाणणाऱ्यास दरबार पंथ विचारीत नव्हता. पंथ विचारला जाई तो वकिली, पेशवाई आणि जहागिरी वाटताना. म्हणूनच दोन्ही तवारिखांपेक्षा ही मुकी तोफ आम्हांस अधिक स्पष्ट बोलणारी वाटते.

तोफेची ही साक्ष हाती घेऊन फेरिश्त्याची सर्वांत उत्तम पाने वाचावीत. ही पाने १५८८ व १५८९ या दोन वर्षांची. त्याचा बाप राजपुत्र मीरान हुसेन यास फारसी शिकविण्याकरिता नगरास आला होता, आणि स्वतः फेरिश्ता मुर्तजा निजामशहाच्या पहाऱ्यावर होता. मीरानने बापाचा प्राण घेतला त्या दिवशी पहाऱ्यावरील माणसे कापली गेली. फेरिश्ता वाचला तो मीरानने आपला सहाध्यायी म्हणून ओळखल्यामुळे. वर्षाच्या आतच वजीर मिर्झाखान याने मीरानास मारले. त्यावर महदवी पंथाच्या जमालखानाने दखनी व हबशी लोकांस जमवून किल्ल्याचा दरवाजा जाळला, आणि शहरात परदेशीयांची कत्तल झाली. फेरिश्ता १५८९ साली विजापुरास निघून गेला. हा मजकूर पाल्हाळाशिवाय, डोळ्यांदेखतचा म्हणून लिहिला आहे, आणि फारसी इतिहासकारांत दुर्मीळ अशी एक थरथर त्यात आहे. त्याच वर्षांत इराणातही असेच एक नाटक चालले होते. खुरासानच्या मुर्शिद कुलीखानाने १५८७ साली तरुण अब्बासास बापाच्या हयातीत गादीवर बसविले, आणि १५८९ साली अब्बासाने त्याचाच काटा काढला. दोन्हीकडे सरदाराने मुलास बापावर घातले. भेद इतकाच की इराणात मुलगा सरदाराहून चपळ निघाला, आणि नगरास सरदार मुलाहून चपळ निघाला. एका राज्याचे त्यापुढे चाळीस वर्षे वैभव झाले, दुसऱ्याचे दहा-बारा वर्षांत शहर गेले. यात शिया-सुन्नींचा भेद कोठे आला? मारणारा मिर्झाखान परदेशी होता आणि मेलेला मीरान त्याच्याच पक्षाने बसविलेला राजा होता.

दुसऱ्या बुऱ्हानच्या मृत्यूनंतर जे घडले त्याने आमचे दुसरे सूत्रही खरे ठरते. १५९५ साली एका गादीस अनेक दावेदार आणि प्रत्येकामागे एक सरदार असा प्रकार झाला, तेव्हा कोंडीत सापडलेल्या मियान मंजू याने अकबराचा पुत्र मुराद यास गुजराथेतून बोलावले. मियान मंजू परदेशी नव्हता, दखनी पक्षाचा पुढारी होता. उलामाने तबरीझच्या वाटेवर जे केले तेच त्याने नगरच्या वेशीपाशी केले. चांदबिबीने तट राखला, १५९६ साली वऱ्हाड देऊन तह झाला, आणि तेथेच तबातबाईची लेखणी थांबते. त्यापुढची चार वर्षे लिहिण्याचे त्याच्या वाट्यास आले नाही, म्हणून त्याच्या ग्रंथाचा शेवट मंगल दिसतो. १६०० साली चांदबिबी स्वकीयांच्याच हातून मारली गेली आणि किल्ला मोगलांच्या हाती पडला, ते वाचण्यास पुन्हा फेरिश्त्याकडेच जावे लागते.

आता आरंभी सांगितलेल्या समजुतीकडे वळू. हा तंटा परक्यांचा होता, असे आमच्या वाचकांस वाटते याचे कारण, तो लिहिणारे दोघेही इराणातून आलेल्या मंडळींपैकी होते व त्यांनी आपल्या मंडळींचीच नावे घेतली. पहिल्या बुऱ्हानने शेख जाफरास दूर करून कंवरसेन नामक ब्राह्मणास पेशवाई दिली, हे फेरिश्ता सांगतो. पण त्या पेशव्याचे घर, गाव, भाषा यांविषयी त्यास कुतूहल नाही. याच राज्यात दलपतिराजाने ‘नृसिंहप्रसाद’ हा धर्मनिबंध रचला, त्याची वार्ता या दरबारी तवारिखांत शोधू नये. निजामशाहीच्या रणांगणावर मराठे सरदार नावानिशी उभे राहिलेले पाहायचे असतील तर याच जिल्ह्यातील नेवाशाच्या परमानंदाचे ‘शिवभारत’ उघडावे लागते. १६२४ ची भातवडीची लढाई त्यात भोसल्यांच्या बाजूने दिसते, आणि तेव्हा कळते की ज्यांस फारसी ग्रंथ नुसते ‘दखनी’ किंवा ‘बारगीर’ म्हणतो ती माणसे कोणाची कोण होती. परमानंदही भोसल्यांचा आश्रित, म्हणून तोही जबानीच देतो. पण बाजू ऐकायच्या तर सर्व ऐकाव्यात. आणि ज्या मलिक अंबरने ती लढाई जिंकली तो हबशी गुलाम म्हणून विकला जात मोख्याहून तुर्कांच्या बगदादेस आणि तेथून नगरच्या चंगीजखानाकडे आला होता. त्याच तुर्कांच्या मुलखात, करबलेस, शहा ताहीराचे अवशेष नगरहून नेऊन पुरले गेले होते. इराणच्या शहापासून पळालेल्या आणि नगरास इराणच्या शहाशी जोडून देणाऱ्या माणसास अखेरची जागा मिळाली ती सुलतानाच्या अंमलाखाली.

इतक्या गुंतलेल्या व्यवहारास ‘शिया-सुन्नींचा तंटा’ हे एक नाव देऊन मोकळे होणे आळसाचे आहे. आणि हा आळस निरुपद्रवी नाही. ज्या मोहल्ल्यांतून १५८९ साली माणसे ओढून काढली गेली ती पंथाच्या नावाने काढली गेली, पण मोकळ्या झालेल्या जहागिरी वाटून घेतल्या त्या सरदारांनी. सामान्य जनांनी नाव ऐकले आणि लाभ दुसऱ्यांनी घेतला. हेच फेरिश्ता आणि तबातबाई आपल्या कोणत्याही एका पानावर सांगत नाहीत, परंतु दोघांची पाने शेजारी ठेवून वाचणारास ते लपत नाही. म्हणून या ग्रंथांवरून विवेचन करणाऱ्या मराठी लेखकांस आमची सूचना अशी आहे की, यापुढे ‘तुर्क पक्ष’, ‘इराणी पक्ष’, ‘दखनी पक्ष’ असे लिहिण्यापूर्वी त्या पक्षाच्या पुढाऱ्याजवळ त्या वर्षी कोणता परगणा होता आणि त्याचा डोळा कोणत्या परगण्यावर होता, हे एका ओळीत द्यावे. ती ओळ लिहिता आली म्हणजे पंथाचे नाव किती आवश्यक उरते, हे वाचकांस आपोआप ठरविता येईल.